कीर्तीचा धनी कोण?

चंडीगड हे नगर ज्या आराखड्यावरून उभे राहिले, त्यात घरे, बाजार आणि कचेऱ्या यांच्या बरोबरीने मोकळ्या मैदानांना आणि हिरव्या पट्ट्यांना आरंभापासूनच मानाची जागा देण्यात आली होती. वास्तुशिल्पी ल कॉर्बूझिए आणि त्याचे सहकारी यांनी सुमारे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब अशा सेक्टरांत हे नगर विभागले. शाळेला किंवा मैदानाला जाणाऱ्या मुलाला वाहनांचा मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यामागचा एक प्रधान हेतू होता. लाहोर येथे १८८२ साली स्थापन झालेले आणि फाळणीनंतर काही वर्षे सोलनच्या आश्रयाला राहिलेले पंजाब विद्यापीठ १९५६ च्या सुमारास येथे सेक्टर १४ मध्ये स्थिरावले. सेक्टर १० मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज, सेक्टर ११ मध्ये मुलींचे शासकीय महाविद्यालय, सेक्टर ३६ मध्ये मेहरचंद महाजन डी.ए.व्ही. महिला महाविद्यालय अशी विद्यास्थाने एकामागून एक उभी राहिली, आणि विद्येबरोबर व्यायामाचीही परंपरा या नगरात रुजत गेली.

अशा नगरातल्या महाविद्यालयात बास्केटबॉल खेळणारी आजची विद्यार्थिनी तिच्या आजीच्या पिढीतल्या खेळाडूपेक्षा एका बाबतीत अगदी निराळी आहे. सायंकाळी सराव संपला, बाकीच्या मुली बुटांच्या नाड्या सोडू लागल्या, की ती बेसलाइनबाहेर आपल्या पिशवीला टेकवून मोबाइल उभा करते. फ्री थ्रोच्या रेषेच्या थोडे मागे उभी राहून गुडघे किंचित वाकवते, कोपर बास्केटच्या रोखाने सरळ ठेवते आणि चेंडू हातातून सुटताना मनगट पुढे झुकू देते. चेंडू कडीला लागून बाहेर येतो, तो ती स्वतःच धावत जाऊन आणते, पुन्हा उभी राहते. आणि अशा कितीतरी प्रयत्नांतला जो एक चेंडू कडीला स्पर्शही न करता जाळीतून खाली उतरतो, तेवढाच रात्री इन्स्टाग्रामवर हजारो अनोळखी माणसांसमोर जातो. ही माणसे तिच्या सामन्याला कधी आलेली नसतात; तरी तिचे नाव त्यांना ठाऊक असते, आणि ते ठाऊक असण्याला बाजारात मोल असते. हे मोल कोणाचे, ते कोणी ठरवावे, आणि त्याचे रक्षण कोणी करावे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी स्त्रियांच्या बास्केटबॉलचा आरंभ पाहिला पाहिजे, कारण त्या आरंभी प्रेक्षक हाच मुळी निषिद्ध पदार्थ होता. जेम्स नेस्मिथ याने अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. मात्र चेंडू हिसकावून घेण्यास मनाई केली आणि मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येक खेळाडूला आपल्या भागापुरते बांधून टाकले, कारण मुलींनी अधिक धावणे तत्कालीन समजुतीप्रमाणे प्रकृतीला आणि शालीनतेला बाधक होते. मार्च १८९३ मध्ये तेथील दोन वर्गांत जो सामना झाला, त्याला पुरुषांना प्रवेश नव्हता. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांच्या मुलींमध्ये पहिला आंतरविद्यापीठीय सामना झाला. तोही केवळ स्त्रियांसमक्ष. खिडक्यांतून डोकावू पाहणाऱ्या पुरुषांना परतवून लावण्याची व्यवस्था आयोजकांना करावी लागली होती. स्टॅनफर्डने तो सामना २ विरुद्ध १ असा जिंकला. संबंध सामन्यात मिळून ३ गुण, आणि पाहणाऱ्यांवर एवढा पहारा! मुलीने खेळावे, परंतु खेळताना दिसू नये, असा तो दंडक होता, आणि तो मोडायला पुढे पाऊण शतक लागले.

१९७२ साली अमेरिकेच्या विधिमंडळाने शिक्षणविषयक जो कायदा केला, त्याच्या ‘टायटल नाइन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या कलमाने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष असा भेद करण्यास मनाई केली. त्या कलमाच्या शब्दांत खेळाचा उल्लेख नसतानाही त्याचा सर्वांत दृश्य परिणाम क्रीडांगणावर झाला. मुलींना शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक, प्रवासखर्च मिळू लागले. १९८२ साली ‘एनसीएए’ या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने स्त्रियांची आपली पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भरवली. दार उघडले, प्रेक्षक आत आले. परंतु दारात गोळा होणाऱ्या पैशावर खेळाडूचा हक्क नव्हता. विद्यार्थी हा हौशी खेळाडू असल्यामुळे त्याने आपल्या नावाने, छबीने वा लौकिकाने एक डॉलरही मिळवू नये, असे संस्थेचे फर्मान होते. विद्यापीठे त्याच खेळाडूंच्या जिवावर तिकिटे विकत होती, दूरदर्शन-प्रक्षेपणाचे मक्ते देत होती. आणि खेळाडूने एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाला जाऊन मानधन घेतले, तर त्याची पात्रता काढून घेतली जात होती.

या व्यवस्थेला पहिला मोठा तडा एका पुरुष खेळाडूने दिला. एड ओबॅनन याने एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःच्या अंगलटीचा, स्वतःच्याच क्रमांकाचा खेळाडू पाहिला, आणि ज्या विक्रीची आपल्याला वर्दीही नव्हती तीत आपली प्रतिमा वापरली गेली म्हणून २००९ साली तो न्यायालयात गेला. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली खेळाडूंच्या बाजूने कायदा केला. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. तो निकाल शैक्षणिक लाभांपुरताच होता. तथापि वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे त्याने स्पष्ट केले, आणि १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव, छबी आणि लौकिक यांवर कमाई करण्याची मुभा मिळाली.

त्या दिवसाच्या पहिल्या लाभार्थींत फ्रेस्नो स्टेट विद्यापीठात बास्केटबॉल खेळणाऱ्या हॅना आणि हेली कॅव्हिंडर या जुळ्या बहिणी होत्या. टाळेबंदीच्या काळात, मैदाने बंद असताना, चेंडू एकाच ठेक्यावर जमिनीवर आपटीत केलेल्या चित्रफिती त्यांनी टिकटॉकवर घातल्या, आणि तेथे त्यांचे ३० लाखांहून अधिक अनुयायी झाले होते. नवा नियम अमलात आला त्याच दिवशी एका मोबाइल कंपनीशी त्यांचा करार झाला आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये त्यांचे चित्र झळकले. ज्या खेळात १८९६ साली एका पुरुषाने खिडकीतून पाहणेही अपराध होता, त्या खेळातल्या दोन विद्यार्थिनींचे चित्र भर चौकात आले, आणि त्या चित्राचा मोबदला त्यांच्याच हाती पडला.

याहून मोठी घटना आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्क हिची. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने एनसीएएच्या सर्वोच्च श्रेणीतील स्त्रियांच्या बास्केटबॉलमधला गुणांचा विक्रम मोडला, पुढच्याच महिन्यात पुरुषांचाही मागे टाकला, आणि ३,९५१ गुणांवर आपली महाविद्यालयीन कारकीर्द संपवली. त्या वर्षीच्या आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना या अंतिम सामन्याला दूरदर्शनवर सरासरी १ कोटी ८९ लाख प्रेक्षक लाभले. पुरुषांच्या अंतिम सामन्याला १ कोटी ४८ लाख. स्त्रियांचा अंतिम सामना पुरुषांच्या सामन्याहून अधिक लोकांनी पाहावा, असे तोवर कधीही घडले नव्हते. तरीही व्यावसायिक लीगमध्ये तिला पहिल्या वर्षासाठी मिळणारे ठरीव वेतन अवघे ७६,५३५ डॉलर होते. तिची खरी मिळकत जाहिरातींच्या करारनाम्यांतून येत होती. यावरून एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की जेथे वेतनाचा कायदा स्त्री-खेळाडूच्या कर्तृत्वाच्या मागे रेंगाळतो, तेथे तिची कीर्ती हीच तिची प्रधान मालमत्ता ठरते, आणि म्हणून त्या मालमत्तेचा हक्क तिच्याकडे असणे हा तिच्या दृष्टीने उपजीविकेचा प्रश्न असतो.

या मालमत्तेबरोबर तिचे भोगही येतात, हे सांगितल्याखेरीज चित्र पुरे होणार नाही. कॅव्हिंडर भगिनी पुढे मायामी विद्यापीठात गेल्या. त्या तेथे जाण्यापूर्वी एका धनाढ्य हितचिंतकाने त्यांना भोजनास बोलावले, त्या भेटीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, आणि २०२३ साली एनसीएएने त्या विद्यापीठाला दंड केला. नव्या नियमांच्या युगातली ही पहिलीच कारवाई होती. चीड आणणारी गोष्ट आणखी एक आहे. २०२४ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या काळात क्रीडासंस्थेने खेळाडूंना उद्देशून समाजमाध्यमांवर आलेल्या मजकुराची तपासणी करविली, तेव्हा स्त्री-बास्केटबॉलपटूंच्या वाट्याला आलेली धमक्यांची व शिवीगाळीची संख्या पुरुषांच्या सुमारे तिप्पट भरली. त्यातला काही भाग पैजेत पैसे हरलेल्यांच्या क्रोधाचा होता. वीस वर्षांच्या मुलीचा एक फ्री थ्रो चुकतो, आणि ती कपडे बदलून मोबाइल हाती घेते तोवर परक्या गावातल्या परक्या माणसाने तिच्या कुटुंबाचे अशुभ चिंतलेले असते. पुन्हा, जाहिरातदार गुणापेक्षा रूपाला अधिक दाम देतो, ही तक्रार अमेरिकेत खेळाडूंनीच वारंवार केली आहे, आणि ती निराधार नाही. परदेशी विद्यार्थ्यांची अडचण याहून वेगळी आहे. पंजाबची हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठाच्या संघात खेळली; परंतु अशा विद्यार्थिनींना विद्यार्थी-व्हिसाच्या अटींमुळे त्या देशात काम करून जाहिरातीचा पैसा घेणे दुरापास्त असते. शेजारी बसलेल्या सहखेळाडूला जे मोकळे, ते हिला बंद.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे महाविद्यालयीन खेळाडूने जाहिरात करू नये असा अमेरिकेसारखा सरसकट निर्बंध कधीच नव्हता; मोडायला भिंत नव्हती, कारण भिंतीआड साठवण्याजोगे धनच नव्हते. आपली व्यवस्था निराळ्या पायावर उभी आहे. चंडीगडच्या महाविद्यालयांचे संघ आंतरमहाविद्यालयीन सामने खेळतात. त्यांतून निवडलेला पंजाब विद्यापीठाचा संघ उत्तर विभागाच्या आणि मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठीय स्पर्धेत उतरतो. भारतीय विद्यापीठ संघ हा त्या स्पर्धांचा नियामक. विद्यापीठाच्या एकंदर क्रीडाकर्तृत्वाचा गौरव मौलाना अबुल कलाम आझाद चषकाने होतो, आणि २०१९, २०२० व २०२१ अशी लागोपाठ तीन वर्षे तो चषक पंजाब विद्यापीठाने मिळवला. २०२० साली भुवनेश्वर येथे भरलेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतही हेच विद्यापीठ अग्रस्थानी होते. मराठी वाचकाला हेही कळावे, की त्या वेळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने सुवर्णपदकांत त्याची बरोबरी साधली होती. दोघांची १७-१७ सुवर्णे झाली आणि रौप्यपदकांच्या संख्येवर निकाल लागला.

या मार्गाने जाणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसमोर जे फळ असते, ते म्हणजे प्रवेशातली क्रीडा-राखीव जागा आणि पुढे खेळाडूंच्या कोट्यातून मिळणारी नोकरी. भारतीय रेल्वेच्या महिला संघाने राष्ट्रीय बास्केटबॉलवर वर्षानुवर्षे जे वर्चस्व गाजवले, त्याचे मूळ याच नोकऱ्यांत आहे. दक्षिण रेल्वेच्या गीतू अॅना जोस हिने ऑस्ट्रेलियात व्यावसायिक बास्केटबॉल खेळून पाहिले आणि २०११ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांच्या लीगच्या चाचण्यांपर्यंत मजल मारली. बास्केटबॉलपटू अनिता पॉलदुराई हिला पद्मश्रीने गौरवण्यात आले. पुण्याची शिरीन लिमये ही ज्या भारतीय संघात होती, त्या संघाने जुलै २०१७ मध्ये बंगळूर येथे आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीचा अंतिम सामना कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा जिंकून वरची श्रेणी गाठली. पुढे ती भारताची कर्णधारही झाली. अवघ्या दोन गुणांच्या फरकाने जिंकलेला अंतिम सामना, स्वतःच्या देशात, आणि त्यातली पुण्याची मुलगी! तरी पुण्याच्या रस्त्यावर त्या सामन्याविषयी किती जणांना सांगता येईल? नोकरीने या खेळाडूंना भाकरी दिली, प्रतिष्ठाही दिली. प्रेक्षक मात्र दिला नाही.

ही उणीव मोबाइलने भरून काढायला आरंभ केला आहे. जून २०२० च्या अखेरीस भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा कॅव्हिंडर भगिनींना जे व्यासपीठ लाभले ते आपल्या मुलींच्या पुरते बंद झाले; परंतु लगेच इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या, आणि लहान गावातल्या खेळाडूलाही संघटनेच्या शिफारशीवाचून, वर्तमानपत्राच्या कृपेवाचून आपला खेळ लोकांपुढे मांडता येऊ लागला. कीर्ती आली की तिच्यावर हात मारणारेही येतात, याचा पुरावा चंडीगडच्याच एका विद्यार्थिनीच्या बाबतीत मिळाला. ती बास्केटबॉलपटू नव्हे, नेमबाज आहे, एवढाच फरक. डी.ए.व्ही. कॉलेजात शिकलेल्या मनू भाकर हिने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदके मिळवताच, तिच्याशी कोणताही करार नसलेल्या अनेक कंपन्यांनी अभिनंदनाच्या मिषाने तिचे छायाचित्र आपल्या नाममुद्रेसह प्रसिद्ध केले, आणि तिचे व्यवहार पाहणाऱ्या संस्थेला त्यांच्यावर कायदेशीर नोटिसा बजावाव्या लागल्या. टोकियोच्या पदकानंतर पी. व्ही. सिंधूच्या बाबतीतही हेच घडले होते. व्यक्तीच्या नावावर आणि प्रतिमेवर तिचाच हक्क असतो, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मान्य केले आहे. अनिल कपूर या नटाच्या दाव्यात २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या नावाला, आवाजाला आणि छबीला संरक्षण दिले. परंतु हक्क मान्य असणे वेगळे आणि तो बजावता येणे वेगळे. ऑलिंपिक पदकविजेतीच्या पाठीशी वकील असतो. आंतरविद्यापीठीय संघातल्या मुलीच्या पाठीशी कोण आहे?

दुसऱ्या बाजूने तिच्यावर कर्तव्येही आली आहेत, आणि ती पुष्कळदा तिला ठाऊक नसतात. ग्राहक संरक्षण कायद्यान्वये केलेल्या तरतुदींप्रमाणे, एखाद्या वस्तूची भलावण करणाऱ्याने त्याबद्दल पैसा, भेटवस्तू वा अन्य लाभ घेतला असेल तर तसे स्पष्ट जाहीर केले पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फुकट मिळालेल्या बुटांची स्तुती करणारी एकोणीस वर्षांची खेळाडू या कायद्याच्या कक्षेत येते. तिला मिळणाऱ्या करारनाम्यात तिची छबी किती मुदतीसाठी, कोणत्या माध्यमांत वापरली जाईल, दुसऱ्या कंपनीशी करार करण्याची मुभा राहील की नाही, दुखापत झाल्यास काय, या कलमांवर तिची पुढची काही वर्षे अवलंबून असतात. प्रवेशाचा अर्ज, वयाचा दाखला, शुल्कमाफीची मंजुरी यांसाठी ज्या महाविद्यालयाच्या दप्तरात कारकून आहे, तेथे खेळाडूचा करारनामा वाचून त्यातले धोके सांगणारा एक जाणकार असणे अशक्य नाही. पुष्कळ विद्यापीठांकडे विधी विभाग असतो. त्यानेच ही जबाबदारी घ्यावी, यात जादा खर्चही नाही.

परंतु कायद्याच्या रक्षणाने अर्धेच काम होते. उरलेले अर्धे प्रेक्षकाचे आहे. बास्केटबॉलच्या २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदानावर एका वेळी दहा जणी असतात आणि चेंडू एकच असतो. म्हणजे कोणत्याही क्षणी नऊ जणी चेंडूवाचून खेळत असतात. सहकारिणीला मोकळी जागा मिळावी म्हणून प्रतिस्पर्धिनीच्या वाटेत निश्चल उभी राहून स्क्रीन देणारी, बास्केट हुकणार हे हेरून चेंडू खाली येण्याआधीच समोरचीला पाठीशी अडवून ठेवणारी, शेजारणीच्या हातून सुटलेल्या खेळाडूपुढे क्षणात सरकून उभी राहणारी, अशा मुलींच्या श्रमावर सामना जिंकला जातो; आणि पंधरा सेकंदांच्या चित्रफितीत यातले काहीच दिसत नाही. तेथे फक्त चेंडू टाकणारी दिसते. जो समाज खेळ केवळ चित्रफितींतून पाहतो, तो खेळाडूचा एकच गुण ओळखतो, आणि कालांतराने गुण सोडून रूप पाहू लागतो. जाहिरातदार त्या नजरेलाच दाम देतो, कारण त्याच्यापुढे दुसरी नजर ठेवलेलीच नसते.

म्हणून कीर्तीचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना मालकी आणि मोल या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मालकी निःसंशय खेळाडूची. विद्यापीठाची नाही, संघटनेची नाही, आणि शुभेच्छांच्या आडून तिचे छायाचित्र छापणाऱ्या कंपनीची तर मुळीच नाही. मोल मात्र पाहणाऱ्यांच्या जाणतेपणावर ठरते. आज एक मोबाइल आणि एक तिपाई एवढ्या साधनांनी आंतरमहाविद्यालयीन सामना आरंभापासून अखेरपर्यंत यूट्यूबवर दाखवता येतो. चंडीगडच्या, पुण्याच्या, नागपूरच्या महाविद्यालयांनी तो नित्यनेमाने दाखवावा, समालोचनाचे काम त्याच महाविद्यालयाच्या माजी खेळाडूंकडे द्यावे, आणि स्क्रीन देणारीचे नावही बास्केट करणारीच्या नावाबरोबर घ्यावे. वाचकांनीही जवळच्या महाविद्यालयातला मुलींचा एक सामना चारही क्वार्टर बसून पाहावा. ज्या खेळाडूचा पुरा खेळ लोकांनी पाहिलेला असतो, तिला दुखापतीच्या वर्षात लोक विसरत नाहीत, आणि तिच्याशी करार करायला आलेल्या माणसाला तिच्या मेहनतीचा दाम मोजावा लागतो.